बाटलीतल्या पेशी

तीर्थरूप बाबा,

तुमच्या धांदरट लेकीचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं.

तुम्ही रोज घेता तेच औषध मी प्रयोगशाळेत रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर घालते. पेशींना ‘वाढा, वाढा’ म्हणणारं टायरोसिन कायनेज नावाचं प्रथिन त्याने गप्प बसतं. गेल्या आठवड्यात मात्र एका बाटलीतल्या पेशी पुन्हा वाढायला लागल्या. सर म्हणाले, “औषध घालायला विसरली असशील.” मलाही तसंच वाटलं. मग त्यांच्यासमोर दुप्पट घातलं. तरी वाढतायत.

आईचे गुडघे कसे आहेत? तुम्हाला आजाराच्या सुरुवातीला सुटायचा तसा झोपेत परत घाम सुटतो, असं ती फोनवर सहज बोलून गेली.

मधे गोळ्या घ्यायला विसरलात का? विसरला असाल तर मी मुळीच रागावणार नाही. विसरला नसाल, तर हे पत्र मिळताच रक्त तपासून या.

तुमची,
धांदरट