बोधाचा रकाना

गुरुजी, तुम्हाला एक पुस्तक सुचवायचं आहे. तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि हे पुस्तक तुम्हाला मुळीच आवडलं नसतं, तरी सुचवते. जादूच्या आणि साहसाच्या कथांची त्यात मनसोक्त टिंगल आहे, पानोपानी चित्रं आहेत. शूर राजपुत्र राक्षसाला मारायला निघतो, नकाशा उलटा धरतो, आणि डोक्यावरचा लोखंडी टोप डोळ्यांवर येऊन असा अडकतो की त्याला पुढचं दिसतच नाही. शेवटी राक्षसच त्याचं डोकं मांडीवर घेतो आणि तेल चोळून टोप काढतो. बस्स, एवढंच.

लोहाऱ्याच्या शाळेत पुस्तकांचं कपाट तुमच्या ताब्यात होतं. धाराशिवहून येताना एसटीत पिशवी मांडीवर धरून तुम्ही पुस्तकं आणायचात. एकाचाही कोपरा दुमडलेला तुम्हाला खपायचा नाही. पुस्तक परत करताना वहीत नाव, तारीख आणि शेवटच्या रकान्यात बोध लिहायचा, हा तुमचा नियम. सातवीत मी एका गमतीच्या पुस्तकापुढं लिहिलं, 'बोध न्हाय. लई हसले.' तुम्ही मला सगळ्या वर्गासमोर उभं केलंत. "पुस्तक काय दात काढायला दिलं व्हतं व्हय? बोध न्हाय तर वाचलंस कशाला?" मी ते खोडून 'सत्याचा विजय' लिहिलं. त्या पुस्तकात सत्यही नव्हतं आणि विजयही. तुम्ही खूश होऊन पाठीवर हात ठेवलात. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. पण वाचायची गोडी तुम्हीच लावलीत, हेही खरं.

आता मुरुमजवळच्या एका शाळेत मी बाई आहे आणि कपाटाची किल्ली माझ्याकडं आहे. बोधाचा रकानाही मी चालूच ठेवलाय, बरं का. वर्गातल्या एका मुलीची आई पोळ्यानंतर गेली. तेव्हापासून ती हजेरीला 'हजर' म्हणते, तेवढंच. परवा हे पुस्तक मी घरून नेऊन तिच्यापुढं ठेवलं. ती एकेक पान उलटत होती, आणि एकदम, "बाई, ह्यो राक्षस तेल लावायलाय बघा की!" म्हणून इतकी हसली की मागच्या बाकावरच्या मुली उठून बघायला आल्या. तिनं त्यांनाही ते पान दाखवलं. मला खिडकीकडं तोंड करून उभं राहावं लागलं.

काल ते पुस्तक शाळेसाठी घ्यावं म्हणून मी मुख्याध्यापकांकडं गेले. त्यांनी चाळलं आणि विचारलं, "बाई, ह्यातून लेकरांनी घ्यायचं काय?" त्या मुलीचं सांगावं असं फार वाटलं. तुम्हालाही तेच सांगायचं होतं, म्हणून तर हे पत्र, जे कुठं टाकायचं नाहीच. पण गुरुजी, तिथं मी कागदावर बोध म्हणून 'धाडस' असं लिहून दिलं, आणि त्यांनी सही केली. पुस्तक येईल, मुली हसतील. खरं लिहायचं धाडस मात्र मला पन्नाशीतही झालं नाही.