इबीला ‘तू’ म्हणायचंय

७ ऑगस्ट
फसलं! आज आमच्या व्हॉलीबॉल कोच इबोया बाईंचा नावदिवस – कॅलेंडरात त्यांच्या नावाचा सण. हॉलमध्ये सगळ्या पोरी वाइनचे ग्लास घेऊन उभ्या. मी हळूच गेले, ‘तू’ म्हणायला लागताना करतात तसं माझं कोपर त्यांच्या कोपरात अडकवलं, घोट घेतला नि म्हटलं, "सेर्वुस, इबी! तू कशी आहेस?"
सगळ्या गार.
बाईंनी कोपर सोडवलं. "पन्नी, ‘तू म्हणू या का’ हे मोठ्यानं लहानाला विचारायचं असतं. लहानानं मोठ्याला नाही. पळ, दहा फेऱ्या!"
पळाले. वाइन नाकात आली.
संघातल्या दोर्काला कधीचंच विचारलंय त्यांनी. ती खुशाल "इबी, तू" करते. मी अठरा पुरी केली, पहिल्या सहात खेळते – तरी "इबोया बाई, तुम्ही"च! एकदा विचारा ना मला पण.

८ ऑगस्ट
पाय दुखतायत.

१९ सप्टेंबर
बाईंच्या शिट्टीत पाप्रिकेची पूड भरली. त्यांनी फुंकली – लाल ढग! शिंकून शिंकून बेजार. मला वाटलं, मेले आता. कोणी केलं, विचारलंसुद्धा नाही. नाक पुसत म्हणाल्या, "पन्नी, ही गोड पाप्रिका. तिखटवाली आणायचीस ना!"
कालोचा म्हणजे पाप्रिकेचंच गाव, नि तिथल्या बाईला पाप्रिकेत फसवायला गेले. मीच येडी.

१४ नोव्हेंबर
हॉलच्या बोळात बाईंचा फोटो आहे. नऊ नंबर, हवेत, हात मागे ताणलेला. तेव्हा इटलीत खेळायच्या. मग खांदा गेला. परत आल्या, आमच्यासारख्या गाढवांना शिकवायला लागल्या. आता उजवा हात केसांपर्यंत पण जात नाही – दोर्का अंबाडा बांधून देते. मला का नाही सांगत?
एकदा तरी त्यांना खेळताना बघायचं होतं. तेव्हा मी जन्मलेच नव्हते!
आज विचारलंच. "बाई, उडी आठवते?"
"उडी नाही. खाली येणं आठवतं. दर वेळी राग यायचा."

१० जानेवारी
बोट सुजलं. बाईंनी स्वतः पट्टी बांधली, किती हळू! वाटलं, आता विचारतील. आत्ता विचारतील...
"उद्या ते तळलेलं लांगोश खाऊन येऊ नकोस. उडता येत नाही मग तुला."
बास. एवढंच.

६ मार्च
आरशासमोर सराव केला. इबी, तू चेंडू टाक. इबी, तू ओरडू नकोस. इबी, तू जेवलीस का? – हे शेवटचं म्हणून बघितलं नि पटकन आरशाकडे पाठ केली.
आई बाहेरून – "कोण गं ही इबी? नि तुला कधीपासून कुणाच्या जेवणाची काळजी?"

२६ एप्रिल
जिंकलो!! शेवटचा गुण माझा! बाई मला उचलायला धावल्या नि खांदा धरून खालीच बसल्या. हसत होत्या. डोळे मात्र ओले. दुखलं असेल.

२७ एप्रिल
बाईंनी खोलीत बोलावलं. टेबलावर दोन ग्लास. स्वतःच माझ्या कोपरात कोपर अडकवलं. "पन्नी, आजपासून मला तू म्हणायचं."
मी किंचाळणारच होते.
"मंगळवारी इटलीला चाललेय. तिथल्या पोरींना शिकवायला. म्हटलं, जायच्या आधी तुला विचारायचं राहायला नको."
ग्लास ओठांपर्यंत नेलाच नाही मी.
"तुम्ही जाऊ नका, बाई," म्हटलं.