बरब्बा घरी जाऊन जेवला का?

प्रिय तुरिनावे,

हे पत्र तुझ्या हातात कसं आलं, कुणी आणलं, याचा विचार आत्ता करू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच, मग मान वर कर. चौदा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता हुकूम सोडतेय, हे कळतंय मला. तरी एवढं ऐक.

घरचं सांगते. बाबांना आता नीट दिसत नाही, पण होडी दुसऱ्या कुणाला वल्हवू देत नाहीत. ते वल्हवतात नि आम्ही मागून ओरडतो, डावीकडे, डावीकडे, अहो बाबा, ते डावं नव्हे! यंदा डोंगरउतारावरच्या सगळ्या बांधांवर ज्वारी दाटून आलीय, त्यामुळे घरात आंबिलीचं मडकं रिकामं होत नाही. मी आपल्याच शाळेत शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये पोरांचा वर्ग घेते. शेजारची केबिरुंगी अजून तशीच, येशूकडे न वळलेली, आपल्या भाषेत तारण न झालेली, आणि मजेत. आई तिच्यासाठी रोज प्रार्थना करते. ती म्हणते, "कर बाई, फुकट आहे तोवर कर."

आणि गुरुवारची संगत अजून भरते. तेच निलगिरीखालचे बाक, संगत चालवणारे तेच म्हातारे तिबेसिग्वा. अजूनही ज्याच्या मनावर काही असेल तो उठतो, ते उजेडात आणतो, आणि ऐकणाऱ्यांना ते खरं वाटलं की कुणीतरी येशूच्या रक्ताने पाप धुतल्याचं ते गाणं उचलतं, मग सगळे. खरं वाटलं नाही तर कुणीच गात नाही. त्या माणसाला तसंच खाली बसावं लागतं. लहानपणी आपल्याला त्या शांततेची भुताहून जास्त भीती वाटायची, आठवतं?

आईच्या कबुल्यांची मला किती लाज वाटायची. नवऱ्यावर डाफरले. बटाटे निवडताना बारके चर्चला दिले. सगळ्या गावासमोर! केबिरुंगीच्या कोंबडीने आपल्या कुंपणात अंडी घातली आणि आईने गुपचूप आपल्याला उकडून घातली, ते तर सहा वर्षांनी बाहेर आलं. अंडी कुठून आणणार, म्हणून आई आपली कोंबडी काखेत मारून तिच्या दारात. केबिरुंगी हसून हसून खाली बसली. म्हणाली, "अगं, तुमच्या येशूने सगळ्यांचं सगळं फेडलं म्हणतेस ना? मग ही कशाला?" आई म्हणाली, "फेडायला नाही आणली. फेडून झालंय. तुझी आहे म्हणून आणली." तू नि मी कुंपणाआड तोंडावर हात दाबून उभ्या. मला ते वाक्य कळायला इतकी वर्षं लागली. तुला तेव्हाच कळलं होतं की काय?

आता होडीचं.

त्या दिवशी तळ्याच्या पलीकडच्या काठावर लग्न होतं, तारण न झालेल्यांचं, आणि जमीन हादरेल असा नाच होता. आपल्याला बंदी. मी तेरा वर्षांची, तू पंधराची. तू रताळी सोलत होतीस. मी डोळ्यांनीच तुला सांगितलं नि होडी घेऊन सटकले. सांज होता होता परत आले, घाईत दोर खुंटाला कसाबसा गुंडाळला आणि पळत घरात. माझा झगा चिखलाने भरलेला होता. तो तू धुतलास. पहाटे आईला कळा सुरू झाल्या, महिनाभर आधी. बाबा तिला धरून काठावर गेले तर होडी नाही. दवाखाना समोर दिसतोय, पाण्यापलीकडे, आणि होडी नाही. बाबा ओरडत राहिले. दुसऱ्या गावची होडी यायला दुपार झाली. तोवर बाळ गेलं. मुलगी होती. आईने तिचं नाव ठरवून ठेवलं होतं, ते आजवर उच्चारलं नाही. त्यानंतर आईला मूल झालं नाही.

पुढच्या गुरुवारी तिबेसिग्वा म्हणाले, होडी आपोआप सुटत नाही, ज्याचं असेल त्याने उजेडात आणावं. सगळ्यांना मी काय सांगत आले, माहीत आहे? कुणालाच काही नाही. पण स्वतःला सांगत आले की मी उठणारच होते, तू आधी उठलीस. खोटं. मी उठणार नव्हते. तू माझ्या गुडघ्यावर हात दाबलास, उठलीस आणि म्हणालीस, "होडी मी नेली होती." आणि मला हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं, तुरिनावे, रडू मग आलं.

तुझं खोटं सगळ्यांना इतकं खरं वाटलं की म्हातारे तिबेसिग्वासुद्धा नाचले. तसं गाणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. आईने सगळ्यांसमोर तुला मिठी मारली, निळ्या काठाचं ताट आणवलं, आणि तुम्ही दोघी त्या एका ताटात जेवलात. तूही तिला आईच म्हणायचीस, आपल्यात मावशी म्हणजे आईच. रात्री मी विचारलं, का केलंस? तू म्हणालीस, "तू पोटची. तुला ती रोज बघेल नि रोज तिला ते आठवेल. मी बहिणीची. मला माफ करणं सोपं पडेल."

सोपं पडलं नाही. तू बघितलंस ते. तुला वाढताना तिचा हात मध्येच थांबायचा. वर्षभरात तू कंपालाला मामाकडे गेलीस, शाळा सुटली, शिवणयंत्रावर बसलीस. मी शिकले. तुझ्या वाटची फीसुद्धा मलाच मिळाली. आणि तुला हे माहीत नाही की आई तेव्हापासून जवळजवळ दर गुरुवारी उठते आणि एकच कबुली देते: "तुरिनावेला मी क्षमा केली, पण या आठवड्यात माझं मन पुन्हा दगड झालं. येशूने तिचं सगळं अंगावर घेतलं, तर मी कोण धरून ठेवणारी?" लोक गातात. मीही गायचे. मोठ्याने, दुसऱ्या सुरात. माझा आवाज चांगला आहे म्हणतात.

ईस्टरच्या आधी पोरांना शिकवत होते. त्या गुन्हेगार बरब्बाला सोडलं नि त्याच्या जागी येशूला खिळलं. पुढच्या बाकावर ओरिशाबा म्हणून एक सात वर्षांची कार्टी आहे, तिने हात वर केला. "टीचर, मग बरब्बा घरी जाऊन जेवला का?" मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. "म्हणजे जेवला असणार. न जेवता कोण राहतं? झोपला पण असेल." पोरं हसली. मीही हसले. मग ती म्हणाली, "आणि येशूच्या आईला जाऊन त्याने सांगितलं का, की ती जागा माझी होती?"

मी वर्ग सोडून दिला. त्या दिवशी मला घास उतरेना.

मी आजवर स्वतःला सांगायचे, झालं ते वधस्तंभावर गेलं, आता उकरून काय मिळणार? पण कोंबडी तर माझ्याच काखेत होती गं. येशूने माझं पाप उचललं असेल, तुझं आयुष्य तर मीच घेऊन बसले होते.

गेल्या गुरुवारी आई तिची नेहमीची कबुली द्यायला उठली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि सगळं बोलले. नाच, दोर, चिखलाचा झगा, तुझा हात. कुणी गायलं नाही. मी उभीच. शेवटी तिबेसिग्वा म्हणाले, "पोरी, खरं बोललीस. पण हे गाणं उचलायचा हक्क आमचा नाही. आम्ही एकदा चुकीच्या ठिकाणी गायलोय." केबिरुंगीला संध्याकाळी कळलं तेव्हा म्हणाली, "एवढी उजेडातली माणसं, नि एकालाही खोटं ओळखता आलं नाही? माझ्या कोंबडीने ओळखलं असतं." तिच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

आई तीन दिवस नुसती शेतात जायची, यायची. चौथ्या दिवशी तिने पिशवी भरली: भाजलेल्या ज्वारीचं पीठ, घेवडा, आणि फडक्यात गुंडाळलेलं ते निळ्या काठाचं ताट. माझ्याशी एवढंच बोलली: "त्या दिवशी मी तिच्याबरोबर जेवले ती क्षमा करणारी म्हणून. आता उलटं बसायचंय. मामाकडून पत्ता घे, आणि सगळं लिहून दे. माझ्या तोंडून निघणार नाही." मला तिने माफ केलंय की नाही, ठाऊक नाही. मी विचारलं नाही. ते तिचं आहे, ती देईल तेव्हा.

तर आता मान वर कर. हे पत्र देऊन जी बाई तुझ्या दुकानाबाहेर उभी आहे, ती तू वाचून संपवेपर्यंत आत येणार नाही, बस म्हटलंस तरी बसणार नाही. तिला वाचता येत नाही, पण यात काय आहे ते तिला अक्षरन् अक्षर माहीत आहे. ती तुला क्षमा करायला आलेली नाही, तुझ्याकडे मागायला आलीय. तिला आत घ्यायचं की नाही हे तू ठरव. घेतलंस तर ताट पिशवीत आहे, वरच. माझ्यासाठी काही मागत नाही. फक्त एवढं सांगते, की बुधवारपासून मी रोज दुपारी बाबांकडून वल्हं मागून होडी पलीकडच्या काठाला नेते, जिथे कंपालाची गाडी थांबते. दोर खुंटाला तीनदा फिरवून बांधते. पुन्हा ओढून बघते. आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसते. एकजण उतरलं तरी होडी आहे. दोघी उतरलात तरी आहे.

तुझीच, जिच्या जागी तू उभी राहिलीस ती,
मुसिमेंटा