तो जागा होता

मंगळवार, दिवेलागण

मालगाडीच्या अपघातात गेलेल्या ड्रायव्हरच्या घरी जाऊन आले, नातीबरोबर. अपघात कशानं झाला ते शोधायची पल्लवीची नोकरी. लय कौतुक मला तिचं, पण आज... सुतकात चूल पेटत नाय म्हणून पिठलं-भाकरी नेली. त्याची आई घासाला शिवेना. गल्ली म्हणते, झोपला असेल, म्हणून गाडी घसरली.

पल्लवी त्या म्हातारीपुढं खालीच बसली. "मावशी, रूळ आधीच तुटला होता. त्यांनी ब्रेक लावला होता. पण अहवाल निघेपर्यंत कुठं बोलू नका."

"म्हंजी जागा होता माझा पोरगा?"

"जागेच होते."

म्हातारी माझ्याकडं वळली. "बाई, एवढं गल्लीत सांगा ना."

पल्लवीकडं न बघता दाराबाहेरच्या ओट्यावर गेले नि मोठ्यानं सांगितलं. पोरीला नोकरीत बोलणी बसतील का? तेव्हा कुठं आतून त्या माऊलीचा हंबरडा ऐकू आला. इतके दिवस रडायचीही चोरी होती तिला.