गुणी मुलाचा बिल्ला

प्रिय ताई,

तू म्हणशील, परवाच तर फोनवर एवढ्या गप्पा झाल्या, आता पत्र कसलं? पण माझं तुला ठाऊक आहे. फोनवर मी हवापाण्याचं बोलते आणि खरं बोलायचं ते राहूनच जातं. सध्या माझा जीव थाऱ्यावर नाही. माझ्या वर्गातला तो हुशार पोरगा, ज्याला सगळे पंडित म्हणायचे, तो गेला हे मी तुला सांगितलं होतं. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला आणि परत आलाच नाही. पण त्यानंतर वर्गात जे झालं, ते नव्हतं सांगितलं.

पोरांना सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण वर्गशिक्षिका मी आणि प्रार्थनेचा तासही माझाच. आठ-नऊ वर्षांची पोरं माझ्याकडे टकामका बघत होती. काय बोलायचं ते घरून ठरवून गेले होते, पण त्याचा रिकामा बाक दिसला आणि सगळं विसरले. तोंडाला आलं ते बोलले. तो इतका गुणी होता ना बाळांनो, म्हणून प्रभूला तो आपल्याजवळ हवासा वाटला. लहानपणी मोठ्यांच्या तोंडून आपण हेच ऐकलं होतं, तेच बाहेर पडलं. चर्चचे पाळकसाहेब बाजूलाच उभे होते, त्यांनीही मान डोलावली. पोरं रडली नाहीत. केवढी समजूतदार, म्हणून मी हुश्श केलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग बिघडला. बिघडला म्हणजे किती? फळ्यावर थुंकणं, डबे सांडणं, चिमटे, वह्या फाडणं. सगळ्यांत वरचढ ती मुंगी. तिला मुंगी म्हणतात कारण सदा कामात, रांगेत पहिली, पेन्सिलींना टोकं काढून ठेवणारी, प्रार्थनेला सगळ्यांआधी डोळे मिटणारी. तिनं स्वतःच्या वहीवर शाई ओतली आणि शेजारणीच्या दंडाला कडकडून चावली. (तुला आवडली असती ही पोरगी.) मुख्याध्यापिका म्हणाल्या, दुःख मलाही कळतं, पण पुन्हा चावली तर नाव कमी करावं लागेल. मी घाबरले. पंडित गेला तो गेलाच, आता हीही हातची जाणार? मला वाटलं, जरा कौतुक केलं की येईल ताळ्यावर.

आमच्याकडे दर शुक्रवारी प्रार्थनेच्या तासाला एका मुलाच्या छातीवर गुणी मुलाचा बिल्ला लावतात, आणि तो आठवडाभर मिरवायचा असतो. एरवी त्यासाठी मारामाऱ्या. पंडित आजारी पडल्यापासून ते बंद होतं. गेल्या शुक्रवारी मी बिल्ला काढला आणि मुंगीकडे निघाले. ताई, ती पोरगी बाकाखाली शिरली आणि किंचाळली, नको बाई, मी वाईट आहे, मी खोडरबर चोरलंय! लगेच मागून एकजण ओरडला, मी खोटं बोलतो! दुसरा, मी आजीचा चष्मा फोडला! तिसरा, मी प्रार्थनेत नुसते ओठ हलवतो! बघता बघता सगळा वर्ग जिवाच्या आकांतानं आपापले गुन्हे कबूल करायला लागला. एकानं तर, बाई, तुमची नक्कल मीच करतो, हेही सांगून टाकलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी हसून पुरेवाट झाली असती. त्या दिवशी मी हातातल्या बिल्ल्याकडे बघितलं. शेवटचा बिल्ला पंडितच्या छातीवर होता. गुणी पोरांना देव नेतो, हे मीच शिकवलं होतं. ही पोरं आपला जीव वाचवत होती.

मी बिल्ला खणात टाकला आणि गुडघे कुरकुरत असतानाही मुंगीशेजारी बाकाखाली जाऊन बसले. म्हटलं, बाई चुकली. पंडित गुणी होता म्हणून नाही गेला, आजार मोठा होता म्हणून गेला. देवानं असं का होऊ दिलं, ते मला माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की मित्र वारला तेव्हा येशूसुद्धा कबरीपाशी सगळ्यांदेखत रडला. पंडित त्याच्यापाशी आहे, आणि आपण रडतोय तर तो आपल्यापाशीही आहे, चांगले वागलो तरी आणि चावलो तरी. मग मुंगीनं विचारलं, तो रडला तेव्हा त्याला कुणी रागावलं नाही? नाही म्हटलं. तशी ती रडायला लागली, आणि तिच्यामागे सगळा वर्ग. मीही. आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापिका दारात आल्या, जरा थांबल्या आणि दार लोटून गेल्या.

सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. मुंगी आता चावत नाही, पण प्रार्थनेला एक डोळा उघडा ठेवते. मी नीट बोलले का, की आणखी काही भलतंच त्यांच्या डोक्यात घातलं? प्रार्थना करते आणि उठून पुन्हा काळजी करायला लागते, अशी माझी गत आहे.

आणि त्या बाकाखाली, तिच्या अजून शाईचे डाग असलेल्या हातांकडे बघताना मला तू दिसलीस. दादा गेला तेव्हा तू एवढीच होतीस, मी त्याहून लहान. घरात माणसं जमली होती आणि जो तो म्हणत होता, गुणाचं लेकरू, देवाला आवडलं. त्याच आठवड्यात तू चर्चच्या खिडकीची काच फोडलीस. मग शाळेतून नाव कमी झालं, आईशी जन्मभराची भांडणं झाली, उपासनेला येणं तर तू सोडूनच दिलंस. आम्ही सगळे म्हणायचो, मुलखाची हट्टी. आई जाईपर्यंत तेच म्हणत राहिली. परवा ऑपरेशनची तारीख सांगताना तू हसत म्हणालीस, मला काही होत नाही गं, देवाला माझ्यासारखी कशाला हवी असेल? हे तू नेहमीच म्हणतेस आणि मी नेहमीच हसते. परवा मला हसू आलं नाही. मी येते आहे, नको म्हणू नकोस, रजा टाकली आहे. पण त्याआधी एवढं सांग ताई. तू हट्टी नव्हतीसच ना? तू घाबरली होतीस ना गं?

तुझीच,
फोनवर हे विचारायला न धजलेली
धाकटी