यंत्राच्या पाठीवरचं सील

मामा, आज सकाळी मी कापसाच्या एका जिनिंग मिलची वॉरंटीची मागणी नाकारली. त्यांच्या यंत्राचं सील तुटलेलं होतं. सील तुटलं की कंपनीची जबाबदारी संपली, ही अट मीच लिहिलेली आहे. नकाराच्या पत्रावर सही केली आणि तुमची आठवण आली, ती काही केल्या जाईना. तुम्हाला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. पुण्यातलं माझं काम तुम्हाला फार आवडलं असतं. कारखान्यांत जाणारी मोजयंत्रं आम्ही पत्र्याने मढवलेल्या बंद खोलीत ठेवतो, त्यांच्यावर विजेच्या लहरी सोडतो आणि तरीही ती खरं तेच दाखवतात का ते बघतो. तुम्ही आधी खोलीभोवती एक चक्कर मारली असती आणि मग विचारलं असतं, "ताई, हे आतून कसं हाय?"

ही तुमची भारी खोड. मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झालेली, झरीहून एस.टी.नं परभणीच्या जिनिंगमध्ये कामाला यायचे. तुम्ही तिथले जुने. साहेबांच्या टेबलावरचं घड्याळ असो की हजेरीच्या खोलीतला रेडिओ, तुम्ही सगळं एकदा तरी खोललेलं. कापसातला ओलावा मोजायचं नवं यंत्र आलं तेव्हा त्याचं इंग्रजी वॉरंटी कार्ड तुम्ही माझ्याकडून दोनदा वाचून घेतलंत. तुमची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. "म्हंजे वरीसभर आतलं बघायचंच न्हाई?" तुमचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. पण त्याच्या पाठीवरच्या, तारेत ओवलेल्या त्या शिशाच्या सीलला तुम्ही बोट लावलं नाहीत.

खंडेनवमीला आम्ही यंत्राची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. तुम्ही बौद्ध, दाराशी उभे राहून पेढा घेतलात आणि म्हणालात, "आता ह्याला खोटं बोलायची सोय न्हाई ऱ्हायली." दिवाळीनंतर ते खोटं बोलायला लागलं. कापूस तोच, पण काटा मधूनच उडायचा. शेतकरी दाराशी येऊन भांडायचे, "चार दिस उन्हात घातलेला माल हाय, वला कसा म्हणता?" कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं यंत्र फिरवून तुटलेली तार दाखवली आणि वॉरंटी गेली म्हणून सांगितलं. साहेबांनी कुणाला काही विचारलं नाही, सरळ तुमच्याकडे पाहिलं. "मी उघडलं न्हाई, साहेब," एवढंच तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही गेटवर, गाड्यांच्या नोंदी करायला.

दुसरा कुणी कुढत बसला असता. तुम्ही डबा खाता खाता मला म्हणता, "काटा उडला की येळ लिवून ठेवत जा, ताई. घड्याळ बघून." मला वाटलं, मामांना करमत नाही. चार दिवसांनी तुम्ही तुमचा कागद माझ्या कागदाशेजारी ठेवलात. यंत्राची खोली आणि गेट यांच्या मधे नव्या शेडचं वेल्डिंग चाललं होतं. ते कधी सुरू झालं, कधी थांबलं, सगळ्या वेळा तुम्ही टिपल्या होत्या. वेळा जुळत होत्या. यंत्र धड होतं, वेल्डिंगच्या विजेनं ते बावचळत होतं. तुम्ही तेलाचा रिकामा डबा कापून यंत्राभोवती पत्रा बसवलात, अर्थिंगची तार जोडलीत. बाहेर ठिणग्या उडतायत आणि काटा जागचा हलत नाही! मी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तुम्हाला परत खोलीत घेतलं, पण "सील तोडले" हा शेरा तुमच्या नावापुढे रिटायर होईपर्यंत राहिला.

माळ अडकवायला जागा नव्हती, म्हणून मी ती सीलच्या तारेतून ओवली होती, मामा. दोन दिवसांनी सुकलेली माळ ओढली आणि तार तुटली. मी घाबरून ती पिळून ठेवली. इंजिनिअर यायच्या सकाळी तुम्ही यंत्रामागे वाकलात. तारेत माळेचा दोरा होता, एक पाकळी होती. तेवढ्यावर तुम्ही सुटला असता. तुम्ही दोरा नखानं काढलात, तारेवरची हळद रुमालानं पुसलीत आणि रुमाल खिशात घातलात. का? ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे. चहाच्या टपरीवरही माणसं आपापली बाकडी धरून बसायची. पूजेत सील तुटलं असं तुमच्या तोंडून निघालं असतं तर काय झालं असतं, हे तुम्हाला दिसलं होतं का? की माझी नोकरी नवी होती म्हणून? इतकी यंत्रं उघडून पाहिली, पण हे अजून कळलेलं नाही.

सकाळचं पत्र मी जावकच्या ट्रेमधून काढून घेतलंय. सील कसं तुटलं, ते आधी त्या लोकांना विचारीन. हे पत्र मात्र कुठे पाठवायचं? रुमाल खिशात घालून तुम्ही वर पाहिलंत, तेव्हा मी रजिस्टरात मान घालून लिहीत बसले होते. मी काहीच लिहीत नव्हते, मामा.