सव्वासहा इंचांची रेषा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, काम मैदानाची राखण (आता निवृत्त), राहणार मैदानामागच्या गल्लीतले शेवटचे घर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या टेबलावर, दिवसाढवळ्या लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकू शकेल अशी एकच व्यक्ती होती, ती सहा वर्षांपूर्वी गेली. माझी बुद्धी शाबूत आहे का हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी वार सांगितला, बहात्तरपर्यंत गेलो, आणि कंटाळा आल्यावर फुटबॉलच्या परवाच्या उपांत्य सामन्यातले दोन्ही संघ राखीव खेळाडूंसकट म्हणून दाखवले. डॉक्टरांनी दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. त्यात माझ्या गुडघ्यांविषयी आणि डाव्या कानाविषयी जे लिहिले आहे त्याचा या कागदाशी संबंध नाही.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण एक गोष्ट गाळलेली होती.

कलम पहिले : घर. राहते घर थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा यांना निम्मे-निम्मे. थोरलीला हवे तोवर तिने इथे राहावे, मुलाने तिला घर विकण्याचा आग्रह करू नये. पुढची खोली कोणालाही भाड्याने द्यायला हरकत नाही, फक्त विश्वचषकाच्या महिन्यात ती मोकळी ठेवावी आणि भिंतीवरचा मोठा टीव्ही चालू असावा. जे येतील त्यांना बसू द्यावे. चहा एकदाच द्यावा, नाहीतर मंडळी उठत नाहीत.

कलम दुसरे : बँकेतली शिल्लक. सगळी थोरलीला. धाकट्याने तोंड वाकडे करू नये. त्याच्या शिक्षणाच्या वेळी थोरलीने तोंड वाकडे केले नव्हते.

कलम तिसरे : हत्यारे. चुन्याची गाडी, रेषेची दोरी, आठ खुंट्या, हातरूळ आणि पोलादी टेप ही सगळी सध्या मैदान सांभाळणाऱ्या बाईंना द्यावीत. बाई कामाच्या पक्क्या आहेत आणि माझ्यासारख्या बोलघेवड्या नाहीत. अट एकच. गोलरेषा मारण्याआधी खांबाची जाडी मोजावी, कारण रेषा आणि खांब एकाच जाडीचे असावे लागतात, असा नियम आहे. मग दोरी ताणून रेषा मारावी. मग मारलेली रेषा पुन्हा मोजावी. हे शेवटचे काम चाळीस वर्षांत मी एकदाच चुकवले. त्याबद्दल पाचव्या कलमात.

कलम चौथे : माझी हातांची लाकडी खुर्ची गल्लीतल्या इस्त्रीवाल्यांना. गेले दोन विश्वचषक ते दर दहा मिनिटांनी कोणत्या ना कोणत्या संघाच्या मॅनेजरला नोकरीवरून काढतात. "हा बाहेर बसवतो, तो आत घेतो, याला काही कळतं का?" असे त्यांचे पालुपद. आता खुर्चीत बसून काढावे, उभ्याने दमायला होते. मात्र त्यांनी हेही लक्षात ठेवावे, की ज्याला एकदा खरोखर काढले होते तो माणूस त्याच खोलीत खिडकीपाशी बसलेला असतो आणि तो कधीही कोणत्या मॅनेजरला नावे ठेवत नाही. "आतलं त्यालाच माहीत असतं," एवढेच म्हणतो. तो माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे अजून मॅनेजरच म्हणतात. त्यातले निम्मे चेष्टेने म्हणतात, हे त्याला समजते.

कलम पाचवे : हे कलम वाटणीचे नाही. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत. मी म्हणालो, लिहीत नसतील, मी लिहिणार.

एकतीस वर्षांपूर्वी आमच्या मैदानावर साखळी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. आमच्या संघाचा मॅनेजर माझा भाऊ होता. एका बाजूचा लाइनमन माझा मेहुणा होता, म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. धंद्याने तो चष्मेवाला. लहान ठिकाणी असेच असते, ज्याला त्याला दोन-दोन कामे आणि सगळे एकमेकांचे नातेवाईक. मैदान माझ्या ताब्यात होते.

साठाव्या मिनिटाला भावाने कप्तानाला बाहेर बोलावले आणि एका नवख्या पोराला आत पाठवले. प्रेक्षकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. शेवटच्या पाच मिनिटांत त्याच नवख्याने फटका मारला. चेंडू आडव्या दांड्याला लागून खाली रेषेपाशी आपटला आणि बाहेर आला. पंचाने मेहुण्याकडे पाहिले. मेहुण्याने मान हलवली आणि झेंडा खालीच ठेवला. गोल नाही. आम्ही शून्य-एकने हरलो.

दुसऱ्या आठवड्यात मैदान समितीने भावाला दोन ओळींचे पत्र देऊन काढून टाकले. कप्तानाला काढणारा मूर्ख, अशी त्याची ख्याती झाली. त्यानंतर त्याला कोणीही संघ दिला नाही. त्याने पुढची सव्वीस वर्षे सिमेंटच्या गोदामात पोती मोजली. ज्या माणसाला खेळाडूच्या चालीवरून त्याचा घोटा दुखतो आहे हे कळायचे, तो माणूस पोती मोजत होता. मेहुण्याचेही काही बरे झाले नाही. "आंधळा चष्मेवाला" हे नाव त्याच्या दुकानाच्या पाटीपेक्षा मोठे झाले. सख्ख्या बहिणीच्या दिराचे वाटोळे केले, असेही लोक बोलले. दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले. मुलीच्या लग्नात काका एका दाराने आला, मामा दुसऱ्या दाराने गेला. माझी बायको आजारी होती तेव्हा तिने मला एकदाच सांगितले की या दोघांना एका ताटाशी बसलेले पाहायचे आहे. मी हो म्हणालो आणि काही केले नाही. ती गेली त्या दिवशी एक सकाळी आला, एक संध्याकाळी.

त्या फटक्याचा एक फोटो आहे. गोलामागून काढलेला. चेंडू जमिनीवर आहे आणि त्याची कड बोटभर पांढऱ्यावर आहे. मेहुण्याने तो चौकटीत घालून दुकानात लावला, कारण नियमाप्रमाणे अख्खा चेंडू अख्ख्या रेषेपलीकडे जावा लागतो आणि बोटभर म्हणजे गेला नाही. भावाने तोच फोटो कपाटात ठेवला, कारण त्याला तो गेलेला दिसतो. एकतीस वर्षे गाव चेंडूकडे पाहत राहिले. शेजारच्या खांबाकडे कोणी पाहिले नाही.

आता जे झाले ते लिहितो. त्या सकाळी मी तळ्याकडच्या गोलाची रेषा मारली. जमीन तिथे जरा खचलेली होती, चुना मधे-मधे पातळ बसला. समितीचे सचिव पाहुण्यांच्या खुर्च्यांसाठी घाई करत होते. मी गाडीचा दुसरा हात फिरवला, पण दोरी हलली होती ती पुन्हा ताणली नाही. दुसरा हात पहिल्यावर न बसता जाळ्याच्या बाजूला सरकला. मला दिसले. मी मनात म्हणालो, दीड इंचाने कोणाचे काय बिघडणार आहे, आणि खुर्च्या लावायला गेलो.

सामना संपल्यावर लोक भांडत बाहेर पडले तेव्हा मी टेप घेऊन तिथे गेलो. खांब पावणेपाच इंच. रेषा सव्वासहा इंच. रेषा नियमाप्रमाणे असती तर, फोटोतले बोटभर सोडूनही, चेंडू पाऊण इंचाने आत होता. मी दोनदा मोजले. मग दोन बादल्या पाणी आणले आणि रेषा धुऊन टाकली.

म्हणजे असे, की माझ्या भावाचा निर्णय बरोबर होता, तो गोल होता. आणि माझ्या मेहुण्याची नजर बरोबर होती, त्याच्या पुढ्यात जी रेषा होती तिच्यावर चेंडू होता. चूक त्या दोघांपैकी एकाचीही नव्हती. चूक माझी होती, आणि पाणी ओतले तो तर निव्वळ भित्रेपणा होता. नोकरी जाईल ही भीती पहिले वर्षभर होती. नंतरच्या तीस वर्षांना मी काय नाव देऊ? आधीच उशीर झाला आहे, आता सांगून काय, असे दरवर्षी म्हणत गेलो. मला याची लाज वाटते. रोज वाटली.

आज का लिहितो तेही सांगतो. बायको गेल्यावर दोघेही माझ्याकडे सामने बघायला येऊ लागले. माझ्यासाठी, एकमेकांसाठी नव्हे. भाऊ खिडकीपाशी, मेहुणा दारापाशी, मधे मी आणि बाकीचे. एकमेकांना ऐकवायचे ते माझ्याकडे तोंड करून ऐकवतात. यंदाच्या उपांत्यपूर्व सामन्यात चेंडू रेषेवरून केसभर आत गेला. मैदानात कोणाला दिसले नाही, पण रेषेवर नजर ठेवणाऱ्या यंत्राने खूण केली, पंचाच्या मनगटावरचे घड्याळ थरथरले आणि गोल दिला गेला. खोलीत गदारोळ. इस्त्रीवाले म्हणाले, खेळाची मजा गेली, भांडायला काही उरलेच नाही. मेहुणा माझ्याकडे तोंड करून म्हणाला, त्या दिवशी हे यंत्र असते तर सगळ्यांची तोंडे बंद झाली असती. भाऊही माझ्याकडे तोंड करून म्हणाला, हो, बंद झाली असती, कोणाची ते यंत्राला विचारा.

तेवढ्यात आमचे निवृत्त पोस्टमन, जे सहसा पत्ता चुकल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, म्हणाले, "यंत्र चेंडू मोजतं. पण रेषा कोण मोजतं?"

सगळे हसले. मेहुणा म्हणाला, "आपल्याकडे त्याची चिंता नव्हती. दाजींची रेषा कधी चुकली नाही."

आणि माझा भाऊ, एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे वळून, म्हणाला, "ते मात्र खरं. दादाची रेषा कधी चुकली नाही."

एवढ्या वर्षांत त्या दोघांचे एका गोष्टीवर एकमत झाले, आणि तीच गोष्ट खोटी. मी चहाचे निमित्त करून आत गेलो आणि ओट्याला धरून उभा राहिलो. मी मेल्यावर हे दोघे माझ्याविषयी चांगले बोलत उठतील आणि वेगवेगळ्या दारांनी घरी जातील, हे मला स्वच्छ दिसले. तसे मी होऊ देणार नाही.

कलम सहावे : पाचव्या कलमाची एक प्रत मैदान समितीच्या तेव्हाच्या सचिवांना द्यावी. ते हयात आहेत आणि अजून घाईतच असतात. समितीच्या सभेत त्यांनी ती उभे राहून मोठ्याने वाचावी आणि माझ्या भावाला काढल्याचे पत्र चुकीचे होते अशी नोंद करावी. ते टाळतील. म्हणून दुसरी प्रत मैदानाच्या फलकावर चार खिळे ठोकून लावावी. तिसरी चष्म्याच्या दुकानात, फोटोशेजारी, मेहुण्याची हरकत नसेल तर. हे कलम आजपासून लागू आहे. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं." मी म्हणालो, बाकीचे होऊ द्या, हे कलम थांबणार नाही. प्रती मी कालच काढून आणल्या आहेत. खिळे मी स्वतः ठोकणार आहे.

कलम सातवे : माझा भाऊ आणि माझा मेहुणा यांना मी काहीही ठेवत नाही. लोकांना हे खटकेल. कारण असे, की ज्याला वारसा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलबाईंचे म्हणणे आहे, आणि मला साक्षीदार हेच दोघे हवेत, दुसरे चालणार नाहीत. दोघांनी एकाच वेळी, एकाच टेबलाशी बसून सही करायची आहे. बायकोला जे पाहायचे होते ते तिला दाखवता आले नाही, निदान माझ्या डोळ्यांसमोर व्हावे. मी त्यांची माफी या कागदात मागत नाही. ती तोंडाने मागायची असते, आणि हे वाचून झाल्यावर मी मागणार आहे. त्यांनी द्यावीच असा माझा आग्रह नाही.

वरील सर्व मजकूर मी आज दोघांना पुढच्या खोलीत, दार लावून, पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. वाचताना मी मधे दोनदा थांबलो. कोणी उठून गेले नाही. वाचून झाल्यावर मी दोघांची तोंडाने माफी मागितली. मग भावाने पेन मागितले. साक्षीदारांनी सहीखाली स्वतःच्या हाताने जे लिहिले ते त्यांचे आहे, ते मी वाचून कायम केले आहे, त्यात एका शब्दाचाही बदल करू नये.

ठिकाण : माझे राहते घर, पुढची खोली.
दिनांक : अंतिम सामन्याचा रविवार, सकाळी साडेदहा. (वकीलबाईंसाठी : एकोणीस जुलै.)

मृत्युपत्र करणार : (सही)

साक्षीदार पहिला, मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ : (सही)
दादाने माझ्यासमोर सही केली. दादाशी मला जे बोलायचं आहे ते मी आज बोलणार नाही, बोलेन तेव्हा बोलेन. चष्मेवाले, तुमचा झेंडा बरोबर होता.

साक्षीदार दुसरा, मृत्युपत्र करणाऱ्याचा मेहुणा : (सही)
दाजींनी माझ्यासमोर सही केली. मॅनेजर, गोल होता.